आपटा कोण लावतं?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दिवे घाटातून पुण्याकडे जाणाऱ्या आमच्या एसटीच्या टपावर झेंडूची पोती असायची आणि पोत्यांच्या बेचक्यात आपट्याच्या मोळ्या. मी सव्वीस वर्षं कंडक्टर होतो. त्या मोळ्यांचं लगेजचं तिकीट मी फाडलेलं आहे. स्वारगेटला गाडी लागली की मोळ्या खाली उतरायच्या, आणि टपावर, शिडीवर, दारातल्या पायरीवर ती जुळी पानं सांडून राहायची. ड्रायव्हर त्यातलं एक उचलून देवाच्या फोटोला लावायचा. एक मी खिशात घालायचो, घरी आईच्या हातात द्यायला. ही झाडं कुठल्या डोंगरावरची, दरवर्षी एवढी पानं येतात तर झाडाचं काय होत असेल, हे सव्वीस वर्षांत एकदाही मनात आलं नाही.

मी निवृत्त झालो २०१७ साली. त्या वर्षी दसरा ३० सप्टेंबरला होता आणि कित्येक वर्षांनी पहिल्यांदा मी ड्यूटीवर नव्हतो. गावच्या शिलंगणाला गेलो. लहानपणी आमचं शिलंगण टेकडीच्या पायथ्याला व्हायचं. सीमोल्लंघन म्हणजे गावाची शीव ओलांडून जायचं, तर पालखी शिवेबाहेर जायची, माळावरच्या आपट्याची पूजा व्हायची आणि मग पोरं सोनं लुटायला त्याच्यावर तुटून पडायची. म्हातारी माणसं ओरडायची, ‘पानं घ्या रं, फांदी न्हाई.’ २०१७ ला पालखी देवळाबाहेर आली आणि समोरच्या मैदानात थांबली. तिथं खड्डा करून एक फांदी रोवलेली होती. मी विचारलं, ‘फांदी कुठून आणली?’ ‘विकत आणली, बाजारातून.’ गावाला टेकडी आहे, शीव आहे, पालखी आहे, आणि झाड विकत! त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडी चढलो. आमची टेकडी पुरंदरच्या पर्जन्यछायेतली. मुरमाड, पातळ मातीची, कातळ उघडा पडलेली. उत्तरेच्या उताराला कधीकाळी गिरिपुष्पाची लागवड झालेली आहे. हे झाड मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. झपाट्यानं वाढतं, आमच्याकडची गुरं त्याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे लावलं की जगतं आणि टेकडी लांबून हिरवी दिसते. पण त्या दाटीत आमचं पवना गवत आणि कुसळी उरलेली नाही. दक्षिणेच्या उताराला मुरूम उपसल्याचे खड्डे. संध्याकाळपर्यंत फिरून मला आपट्याची तीन झाडं सापडली. तिन्ही ओढ्याच्या काठाला, तिन्ही आदल्या दिवशी ओरबाडलेली.

माणसं जमत गेली ती एकेक करून. हायस्कुलातल्या निवृत्त शास्त्राच्या बाई, टायर पंक्चरच्या दुकानातला पोरगा, एक दूधवाला, दोघी बचत गटातल्या, पुण्यात नोकरी करून रविवारी गावी येणारे नवरा-बायको. कधी नऊ, कधी चार. टेकडी वनखात्याची आहे, म्हणून रीतसर अर्ज केला. वनरक्षक स्वतः येऊन जागा दाखवून गेला. त्यानं एकच सांगितलं, की जे इथं होतं तेच लावा.

आणि पहिल्याच वर्षी आम्ही नेमकं तेच चुकलो. २०१८ च्या जूनमध्ये एका रोपवाटिकेतून साठ आपटे आणले. छान तजेलदार रोपं. पावसाळाभर ती वाढली आणि जशी वाढली तशी बाई गप्प होत गेल्या. सप्टेंबरमध्ये त्यांनी एक पान तोडून माझ्या तळहातावर ठेवलं. म्हणाल्या, ‘हे रुंदीपेक्षा लांब आहे. आपट्याचं पान लांबीपेक्षा रुंद असतं.’ साठातले चोपन्न कांचन निघाले.

फरक एकदा कळला की कधी विसरत नाही, म्हणून इथं लिहितो. आपट्याचं पान लहान, जाडसर, चामड्यासारखं, वरून गर्द आणि खालून करडं. आडवं धरलं की जास्त भरतं. कांचनाचं पान मोठं, पातळ, फिकट हिरवं, उभं जास्त. शहरात दसऱ्याला सोनं म्हणून जे विकतात त्यात कांचनाचं पान भरपूर असतं. कांचनही आपल्याच देशातलं देखणं झाड आहे, त्याच्याशी माझं वैर नाही. पण आमच्या मुरमावर ते टिकलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये चोपन्नच्या चोपन्न वाळून गेले. जे सहा आपटे होते त्यांतले चार जगले. कातळाच्या फटीत मूळ घालून, वाकडेतिकडे, पण जगले.

पूजेच्या मंत्रात आपट्याला महावृक्ष म्हटलंय. प्रत्यक्षात तो बुटका, वाकडा, फांद्या खाली झुकलेला, काळसर खडबडीत सालीचा. वडाशेजारी उभा केला तर कुणी त्याच्याकडे बघणार नाही. पण माझ्या आजोबांनी छपराचे वासे आपट्याच्या सालीच्या दोरानं बांधलेले मी पाहिलेत. म्हातारी माणसं त्याच्या पानाची विडी वळायची. संस्कृतात त्याला अश्मंतक म्हणतात, दगडाचा अंत करणारा, मुतखड्यावरच्या औषधात वापरतात म्हणून. शास्त्रीय नाव बॉहिनिया रेसिमोजा. बाईंनी सांगितलं की बॉहिन नावाचे दोन भाऊ वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि जोडीचं पान म्हणून ह्या प्रजातीला त्या दोघा भावांचं नाव मिळालं. हे ऐकल्यापासून मी दसऱ्याला सोनं देताना पान मधोमध धरतो आणि माझा पुण्यातला भाऊ आठवतो. कौत्साची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. गुरुदक्षिणेच्या चौदा कोटी मोहरा कुबेरानं आपट्यावर पाडल्या, कौत्सानं हव्या तेवढ्याच घेतल्या आणि उरलेल्या लोकांनी लुटल्या. त्या गोष्टीत मला आता एकच माणूस मोठा वाटतो. मोजून घेणारा कौत्स.

कांचनाच्या त्या फसगतीनंतर ठरवलं, की रोप विकत आणायचं नाही. बी आपल्याच टेकडीचं. हिवाळा सरताना आपट्याच्या शेंगा काळ्या-तपकिरी होतात, कोयत्यासारख्या वाकड्या, वीतभर लांब, आणि पानगळ झाली तरी फांदीवर लोंबत राहतात. २०१९ च्या फेब्रुवारीत त्या तीन झाडांच्या शेंगा उतरवल्या. फोडल्या तर निम्म्या बियांना टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. आत कीड शिरून गेलेली. उरलेलं चांगलं बी पेरलं, महिना गेला, काही उगवलं नाही. बीचं कवच इतकं कडक की पाणीच आत जात नव्हतं. मग दूधवाल्याच्या आईनं सांगितलं, पाणी उकळून खाली उतरवा, बी त्यात टाका आणि रात्रभर तसंच निवू द्या. सकाळी बिया टम्म फुगल्या. दहा-बारा दिवसांत पहिलं जुळं पान मातीतून वर आलं. नखाएवढं. मी ते बघायला दिवसातून चार वेळा जायचो.

दुसरी चूक पिशव्यांची. वर्षभर पिशवीत ठेवलेली रोपं लावायला काढली तर सोटमूळ तळाशी गुंडाळी होऊन बसलेलं. आपटा वर उंच होण्याआधी खाली खोल जातो. उन्हाळ्यात त्याला तारणारं तेच मूळ, आणि आम्ही त्याची जिलबी करून ठेवली होती. तेव्हापासून उंच, अरुंद पिशव्या वापरतो आणि मे महिन्यात पेरलेलं रोप त्याच पावसाळ्यात जमिनीत घालतो. शिवाय थोडं बी थेट टेकडीवर टोकतो. टोकलेलं रोप दोन वर्षं एवढंसं दिसतं, लोकांना वाटतं मेलं. पण उन्हाळ्यात पाणी न घालता जास्त जगलं ते तेच.

जागा निवडायची ती हेंकळीच्या किंवा बोरीच्या झुडपाआड. काट्यामुळे शेळ्यांचं तोंड पोचत नाही आणि दुपारचं ऊन अडतं. उताराच्या खालच्या अंगाला दगडांचा अर्धचंद्र रचायचा, आळ्यात वाळलेलं गवत पसरायचं. हे सगळं शिकायला आम्हाला तीन पावसाळे लागले. आपटा बागेत किंवा शाळेच्या फाटकाशी लावणारे लोक मला भेटतात, लावा म्हणतो, चांगलं आहे. पण त्याचं घर हा उतार आहे. खैर, हेंकळ, बोर, कुसळी ह्यांच्या सोबतीनं. तिथं तो परत उभा राहिला तरच तो परत आला असं मी मानतो.

२०२१ च्या मार्चमध्ये वणवा लागला. गवत चांगलं फुटावं म्हणून कुणीतरी लावला असणार. आमचा जाळपट्टा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, अर्धाच काढून झाला होता. एकेचाळीस रोपं जळाली. बाईंनी काळ्या झालेल्या काड्यांना एकेक चिंधी बांधली. मला वाटलं दुःखात करतायत. जुलैत त्या चिंध्या बघत फिरलो, तर एकोणतीस ठिकाणी जमिनीतून तांबूस फूट आलेली. चिंधी नसती तर गवतात दिसली नसती. आता जाळपट्टा आम्ही दिवाळी झाली की लगेच काढायला घेतो, तीन मीटर रुंद, आणि होळीच्या आत दुसऱ्यांदा साफ करतो.

त्यानंतर २०२३. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. श्रावणात टेकडीवर पाणी वाहायची वेळ आली. वाट इतकी खडी की गाढवसुद्धा वर जाईना. टायरवाला पोरगा रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी वीस लिटरचा कॅन खांद्यावर घेऊन दोन खेपा करायचा. एका खेपेत दहा झाडं. त्यानं महिनाभर हे केलं, कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते त्याच्या खांद्याला पडलेले वळ बघून.

झाडं वाचली. सुरुवातीला लावलेली रोपं छातीएवढी झाली होती, पानांनी भरलेली. लांबून ओळखू यायला लागली होती, आपटा आहे म्हणून.

आम्हाला तिथंच धोका दिसायला हवा होता. २४ ऑक्टोबरला दसरा. आम्ही ठरवलं होतं की सकाळी सगळ्यांनी वर जायचं, आपल्या हातच्या झाडांची पूजा करायची. बाईंनी हळद-कुंकू, तांदूळ घेतलेले. वर पोचलो तर सतरा झाडं गुडघ्याच्या उंचीवर मोडलेली. कोयत्यानं तोडलेलीसुद्धा नव्हती, पिळून, सालपट लोंबत. पोरगा एका खुंटापाशी जाऊन खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही. मी एसटीच्या टपाकडे बघणारा सव्वीस वर्षांपूर्वीचा मी आठवत होतो. उन्हाळ्याची, शेळ्यांची, वणव्याची तयारी केली होती आम्ही. दसऱ्याची नव्हती केली.

त्या दिवशी पूजा केली ती खुंटांची. दुसऱ्या दिवशी करवत नेऊन पिळलेले भाग तिरके, स्वच्छ कापले आणि शेण-मातीचा लेप लावला.

पुढच्या वर्षी, २०२४ ला, दसरा १२ ऑक्टोबरला आला. खंडेनवमीच्या रात्री आम्ही सहा जण टेकडीवर मुक्कामाला गेलो. भांडायला जायचं नाही, एवढं आधीच ठरलं होतं. पहाटे चारच्या सुमारास पलीकडच्या खिंडीतून दोन बॅटऱ्या हलताना दिसल्या. जवळ आल्यावर कळलं, एक सत्तरीची बाई, तिची सून आणि नातू. हातात कोयते, दोर, गोणपाट.

मी पुढं होऊन म्हणालो, ‘आक्का, जरा थांबा. ही झाडं आम्ही लावलीत.’

ती थांबली. बॅटरी झाडावर मारली, मग माझ्यावर. ‘लावल्यात? आपटा कोण लावतं? त्यो आपला आपण येतो.’

‘आता येत नाही, आक्का. म्हणून लावतोय.’

ती झाडाजवळ गेली. बुंध्यावरनं हात फिरवला, वरची डहाळी वाकवून पाहिली. ‘ह्ये तर पोर हाय अजून. ह्येला कशाला कोण हात लावंल?’ मी तिला आदल्या वर्षीचे खुंट दाखवले. ती सुनेकडे वळून म्हणाली, ‘बघ, पिळल्यात. येड्यांचं काम.’ मग मला म्हणाली, ‘आमी म्हाताऱ्या झाडाची वरची फांदी घेतो, कोयत्यानं. बुडाला हात लावत न्हाई. बुडाला हात लावला तर पुढच्या साली काय खायाचं?’

मी बॅटरी खाली केली तेव्हा तिनं माझा चेहरा नीट पाहिला. ‘मास्तर, तुमी गाडीवर हुता न्हवं? आमच्या मोळीचं लगेज फाडायचा.’

मला काही बोलता येईना. तिच्या मोळीवरचं ते पान मी आईच्या हातात दिलेलं असणार.

चहाचा थर्मास होता, आम्ही तिथंच बसलो. दसऱ्याच्या एका रात्रीत तिच्या घरचा दिवाळीचा किराणा निघतो. तिची आई हेच करायची. पूर्वी गावाजवळच मोळी व्हायची, आता तीन टेकड्या पालथ्या घालाव्या लागतात. टेकडी कशी रिकामी होत गेली हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? कुठला आपटा कधी वाळला, कुठला मुरमाच्या खड्ड्यात गेला, सगळं तिला पाठ होतं. आणि खिंडीपलीकडच्या एका घळीत अजून सात-आठ जुनी झाडं आहेत, हेही तिनंच सांगितलं. आम्ही सहा वर्षं त्याच तीन झाडांचं बी वापरत होतो. बाई कधीपासून म्हणत होत्या, सगळी रोपं एका घरातली झाली तर एकच रोग सगळ्यांना खाईल, दुसऱ्या ठिकाणचं बी मिळवा. ते दुसरं ठिकाण तासाभराच्या वाटेवर होतं.

त्या पहाटे ती आमच्या झाडांना हात न लावता पुढं गेली. मी तिला अडवलं नाही, अडवायचा मला अधिकारही वाटला नाही. उजाडल्यावर आम्ही प्रत्येकानं एकेक पान तोडलं. तेवढंच. आमच्या घरी आता एका माणसाला एकच पान देतो. पुतण्या म्हणाला, ‘काका, पूर्वी मूठभर द्यायचात.’ त्याला म्हटलं, हे एक मी बी पेरून वाढवलेलं आहे, जपून ठेव. त्यानं ते मोबाईलच्या कव्हरमध्ये घातलंय, अजून आहे.

मोडलेल्या सतरांपैकी चौदा २०२४ च्या पावसात फुटली होती, एकेका खुंटातून चार-चार, सहा-सहा कोंब. टायरवाल्या पोराला सगळे ठेवायचे होते. बाईंचं म्हणणं, दोन जोमदार ठेवा, बाकीचे काढा, नाहीतर कुणालाच पुरेसं मिळणार नाही. शेवटी पोरानं स्वतः निवडलेले दोन-दोन ठेवले. ह्या उन्हाळ्यात ते माझ्या कमरेला लागतात.

गेल्या फाल्गुनात एसटीच्या कंडक्टरनं घरी निरोप दिला, गाडीत तुमच्या नावाची पिशवी आलीय. खताच्या रिकाम्या गोणीतून कापून शिवलेली पिशवी, आत घळीतल्या आपट्याच्या शेंगा. सोबत नातवाच्या अक्षरात चिठ्ठी, की पाच झाडांच्या आहेत, आजीनं वेगवेगळ्या गाठी मारल्यात, मिसळू नका. खरोखरच पिशवीच्या आत फडक्याच्या पाच पुरचुंड्या होत्या.

काल त्या शेंगा फोडल्या. बचत गटातल्या दोघी, बाई आणि मी ओट्यावर बसून निवडत होतो. भोकाच्या बाजूला काढल्या, पाण्यावर तरंगल्या त्याही काढल्या. दोनशे बारा चांगल्या उरल्या, पाच वाट्यांत. बाईंनी प्रत्येक वाटीखाली कागद ठेवून आकडा टाकलाय.

नातवाला फोन केला तर आक्कानंच उचलला. विचारत होती, ‘मास्तर, उगवलं का?’ म्हटलं, अजून पेरायचंय, आज रात्री गरम पाण्यात टाकतो.

‘मग उगवल्यावर सांगा,’ म्हणाली. ‘लावायला मी येते.’

पाणी चुलीवर ठेवलंय.